पत्ता पालथा आहे तोवर

माझ्या कानांची मला किळस येते. उगीच नाटकी बोलायचं म्हणून बोलत नाही. रोज सकाळी तोंड धुताना ओला हात कानापर्यंत जातो आणि तिथंच थबकतो. माणसाला लाज वाटावी अशा गोष्टी जगात काय कमी आहेत, पण मला मेली कानांची वाटते.

मी प्रमिला टोणपे. सांगलीच्या न्यायालयात एकतीस वर्षं लघुलेखक होते. साक्षीदार बोलायचा, मी लिहायची. देवाशपथ खरं सांगेन म्हणून पिंजऱ्यात चढलेली माणसं इतकं बिनदिक्कत खोटं बोलायची की पहिल्या वर्षी मला अन्न गोड लागायचं नाही. पुढं सवय झाली. पुढं तर खेळच झाला. पेन्सिल चालू असायची आणि मनातल्या मनात मी खुणा करायची: हा खरा, हा सोंग करतोय, हा खरा आहे पण घाबरलाय. निकाल लागला की ताडून बघायचं. दहातले आठ-नऊ माझे बरोबर यायचे. कुणाला सांगायची सोय नव्हती. लघुलेखकाला मत नसतं, नुसता हात असतो.

निवृत्त झाल्यावर मला त्या खेळाची आठवण व्हायला लागली, आणि मग दिनकरराव मगदुमांच्या माळ्यावरची शनिवारची बैठक सुरू झाली.

दिनकरराव हळदीचे अडते. खाली दुकान, वर माळ्यावर एक लांबट खोली. खेळायला आम्ही चौघं: दिनकरराव, त्यांच्या पत्नी मालनवहिनी, होमिओपॅथीवाले कुरुंदवाडे डॉक्टर आणि मी. दुपारी बारा ते तीन. आधी रमी खेळायचो. मग डॉक्टर कुठूनसा पोकर शिकून आले आणि रमी कायमची सुटली. पैसे लावायचे नाहीत हा वहिनींचा दंडक, म्हणून खालच्या पोत्यातली हळकुंडं यायची. अख्खं हळकुंड दहाचं, मोडकं एकाचं. तीन वाजता उठलो की चौघांची बोटं पिवळीधमक.

पोकर म्हणजे काय, तर प्रत्येकाला दोन पत्ते पालथे, मध्ये पाच उघडे. दोन्ही मिळून ज्याचं पान भारी तो जिंकला. एवढंच असतं तर कुणी खेळलं नसतं. खरी मजा बोलण्यात. पान हलकं असताना भारी असल्याचा आव आणायचा आणि भारी असताना हलकं असल्याचा. समोरच्यानं घाबरून पत्ते टाकले की तुमच्याकडं काय होतं हे कुणी विचारत नाही. आमचा नियम होता, पत्ता पालथा आहे तोवर बोललेलं सगळं माफ.

आणि बोलावं तर दिनकररावांनीच! गडी असा उसासा टाकायचा की वाटावं घर बुडालंय.

"काय न्हाई ओ ताई आपल्याकडं. बसलोय आपलं तुमच्या संगतीला," म्हणायचे आणि सावकाश तीन अख्खी हळकुंडं पुढं सरकवायचे. मी त्याच क्षणी पत्ते टाकून मोकळी व्हायची. डॉक्टर थांबायचे. पत्ते उलटले की दिनकररावांकडं तीन राजे.

"डाक्टर, किती येळा फसतासा ओ?" वहिनी पदर तोंडाला लावून हसायच्या.

"अहो, पण माणूस इतक्या काकुळतीला येऊन सांगतोय काही नाही म्हणून!"

"म्हणूनच," मी म्हणायची. "थाप मारणारा स्वतःच्या पानाला कधी नावं ठेवत नाही, डॉक्टर. त्याला तुम्ही पळून जायला हवे असता. 'माझ्याकडं काही नाही' म्हटल्यावर तुम्ही पळाल कशाला? ज्याला तुम्ही थांबायला हवे असता, तोच असे उसासे टाकतो. जो जास्त रडतो त्याचं पान भारी. डोळे मिटून पत्ते टाकायचे."

हे वाक्य मी शंभरदा बोलले असेन. एका शनिवारी ते माझ्या मुलीनं ऐकलं, आणि तिथून सगळा सत्यानाश झाला.

ऋजुता पुण्यात असते. आवाजाच्या विज्ञानात तिनं डॉक्टरेट केलीय. तीन मित्रांबरोबर तिची कंपनी होती आणि ती बुडायला आली होती. खोटं पकडणारं यंत्र करायचं होतं त्यांना, आणि ते काही केल्या जमत नव्हतं. त्या दिवशी ती माळ्याच्या दारात उभी राहून तीन तास आमचा खेळ बघत होती. घरी येताना रिक्षात मला म्हणाली, "आई, तू काय करतेस ते तुला कळतंय का?"

"पत्ते खेळते. अजून काय?"

तिनं मला समजावून सांगितलं आणि तिचं ते सांगणं मला तेव्हा फार आवडलं होतं, हे कबूल करते. घशात दोन स्वरतंतू असतात. बोलताना ते सेकंदाला शंभर-दोनशे वेळा थरथरतात. मनावर ताण आला की त्या थरथरीची लय बारीकशी बिघडते. श्वास वाक्याच्या मध्येच घेतला जातो, शेवटची अक्षरं गिळली जातात, दोन शब्दांमधली जागा लांबते. कानाला हे सगळं पोचतं, पण मनाला वेगळं सांगता येत नाही. यंत्राला सांगता येतं. अडचण एकच होती. ताण म्हणजे खोटं नव्हे. खरं बोलणाराही घाबरतो, आणि मुरलेला खोटारडा गार असतो. म्हणून यंत्राला शिकवायला अशी बोलणी हवी होती ज्यांच्यामागचं सत्य लगेच आणि बिनचूक उघडं पडतं.

"न्यायालयात निकालाला वर्षं लागतात, आणि तोही खरा असेलच असं नाही," ती म्हणाली. "पोकरमध्ये, आई, दोन मिनिटांत पत्ता उलटतो! हजारो वाक्यं, आणि प्रत्येकाचं उत्तर टेबलावर."

पुढची दोन वर्षं आमच्या टेबलाच्या चार कोपऱ्यांना चार माइक होते. बाकीच्यांचीही बोलणी तिनं गोळा केली, गोव्यातली, ऑनलाइन खेळणाऱ्यांची. पण शिकवणीचा पाया आमचा. प्रत्येक वाक्याला खूण मी केली. पान भारी असून रडला, सोंग. पान हलकं असून फुशारकी मारली, तेही सोंग. बोललं आणि पान जुळलं, सच्चा. दिनकररावांची एकट्याची चार हजार वाक्यं होती. त्यांना त्याचं काय कौतुक! "माझ्या रडण्यावर पोरीची कंपनी चालल म्हंजे," म्हणायचे आणि मुद्दाम माइककडं तोंड करून उसासे टाकायचे.

यंत्राचं नाव ठेवलं कानोसा. मण्याएवढं होतं. कानात घालायचं, समोरचा बोलला की आतून हळू आवाजात एक शब्द यायचा, सच्चा किंवा सोंग.

मला वाटलं होतं, पत्ते खेळणारे घेतील चार पैसेवाले, हौशी. दीड वर्षात लोकांच्या कानात मणीच मणी! शी! काय दिवस होते ते. मुलगी बघायला आलेली माणसं मणी घालून बसायची आणि मुलीला विचारायची, "स्वयंपाकाची आवड आहे ना?" बाजारात अडत्यांनी बोलणंच बंद केलं. हळदीचे सौदे पूर्वीसारखे रुमालाखाली बोटं धरून व्हायला लागले, कारण तोंड उघडलं की समोरच्याच्या कानात भाव फुटायचा. माझ्या शेजारच्या शेडबाळेबाईंना मुलानं विचारलं, "जेवलीस का?" त्या म्हणाल्या, "हो रे, केव्हाच." मणी म्हणाला सोंग. झालं! "माझ्याशी खोटं बोलतेस?" म्हणून तो गॅलरीत येऊन आईवर खेकसला. एकच भाकरी उरली होती आणि ती त्यानं खावी म्हणून बाई हो म्हणाली होती, हे त्या गाढवाला मणी सांगणार नव्हता. मला त्या पोराचा संताप आला. मण्याचा आला नाही, हे आता लिहिताना लाज वाटते.

माळ्यावर मात्र दिनकररावांनी एक पितळी डबा ठेवला होता. वर आलं की कानातला मणी काढून डब्यात टाकायचा, मग बसायचं. "हितं थापा मारायच्या हक्काच्या," म्हणायचे. सगळ्या सांगलीत मनमोकळं खोटं बोलायची तेवढी एकच जागा राहिली होती, आणि मला ती फार प्रिय होती.

कंपनी मोठी झाली तशी कानोसाला गिऱ्हाइकं आली. विमेवाले, नोकरीला माणसं घेणारे, अजून कोण कोण. ऋजुता नावं सांगायची नाही आणि मी विचारायची नाही. माझं काम वेगळंच होतं. ज्या बोलण्यावर यंत्राचं मत ठरत नसे, ते तपासणाऱ्या माणसांकडं जायचं. असे साठेक तपासनीस होते. पहिला नंबर माझा, तपासनीस एक. त्याचा मला अभिमान होता.

रोज सकाळी नऊ ते साडेअकरा मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कानाला हेडफोन लावून बसायची. माणूस ओळखू येऊ नये म्हणून सगळ्यांचे आवाज एकाच साच्यातून काढलेले असायचे, ना बाईचा ना पुरुषाचा. नुसता वेग, श्वास, थांबे आणि थरथर तेवढी मूळची. नाव, गाव आणि विषयाचे शब्द कापून तिथं 'टूं' असा आवाज भरलेला. कारण विषय कळला की कान पक्षपाती होतो, असं ऋजुताचं म्हणणं. मला ते पटलं होतं. न्यायालयातसुद्धा मी अर्थाकडं लक्ष न देता लिहायची. पडद्यावर दोन चौकोन: हिरवा सच्चा, काळा सोंग. भोवती पिवळी चौकट आली तर उत्तर दहा सेकंदांत द्यायचं.

त्या शनिवारी मी गवारी मोडत बसले होते. बैठकीला जायचं म्हणून लगबग होती. अकराच्या सुमाराला पिवळी चौकट आली.

"काय न्हाई ओ... जरा आपलं... टूं... दाबल्यासारकं होतंय... टूं... म्हंजे तसं काय लई न्हाई. सवडीनं आला तरी चालंल." आणि शेवटी उसासा.

मी हसले. खरंच हसले. "बसलाय मेला तीन राजे दाबून," असं मोठ्यानं म्हटलं आणि काळा चौकोन दाबला. चार सेकंदसुद्धा लागले नाहीत. मग गवारी धुवायला घेतली.

बाराला माळ्यावर पोचले तर दुकानासमोर माणसं जमलेली. कुरुंदवाडे डॉक्टर पायरीवर डोकं धरून बसले होते. माळ्यावर दिनकरराव जमिनीवर आडवे, अंगावर पांढरं धोतर पांघरलेलं. टेबलावर चार जागी हळकुंडं मोजून मांडून ठेवलेली. गेली दहा वर्षं आधी येऊन ती तेच मांडायचे.

मालनवहिनी जैन बस्तीत दर्शनाला गेल्या होत्या. दुकानातला हमाल जेवायला गेलेला. छातीत दुखायला लागलं तेव्हा दिनकररावांनी स्वतःच रुग्णवाहिकेच्या सेवेला फोन केला होता. रुग्णवाहिका अडतीस मिनिटांनी आली. सेवेचा तळ दुकानापासून पायी पाच मिनिटांवर आहे.

ही सेवा कानोसाचं गिऱ्हाईक होती, हे मला तेराव्या दिवशी वर्तमानपत्रातून कळलं. रुग्णवाहिका चालवणाऱ्या त्या खासगी सेवेला फुकटच्या फेऱ्या मारायला लावणाऱ्यांचा त्रास होता. म्हणून त्यांनी फोनला कानोसा जोडला होता. सच्चा ठरला तर गाडी लगेच. सोंग ठरलं तर नंबर शेवटी.

वाचता वाचता चूक काय झाली ते मला, जगात फक्त मला, एका क्षणात कळलं. पत्त्यांच्या टेबलावर जो म्हणतो 'माझ्यात दम नाही', त्याच्याकडं भारी पान असतं. यंत्राला आम्ही तेवढंच शिकवलं होतं. रडणारा आतून भक्कम असतो. आता आजारी माणूस दुसरं काय सांगणार? अंगात त्राण नाही असंच सांगणार की! आणि त्यातही आमच्याकडची माणसं. दुसऱ्याला त्रास नको म्हणून मरतानासुद्धा 'सवडीनं या' म्हणणारी. यंत्राच्या लेखी ही सगळी तीन राजे दाबून बसलेली.

मी ऋजुताला फोन लावला. "हे तुम्ही तपासलं नव्हतं?"

"अगं, तपासलं होतं," ती म्हणाली.

ऋजुता लहानपणापासून खोटं बोलायचं असलं की आधी 'अगं' म्हणते. खरं बोलताना नुसतं 'आई'. ही खूण मी तिच्या यंत्राला कधी दिली नाही. ती माझी होती.

"मध्ये कुणी माणूस होतं का? का नुसत्या यंत्रानंच ठरवलं?"

"अगं, यंत्रानंच. माणूस कुठला?"

मी फोन ठेवला. वाटलं, पोरगी कंपनी वाचवायला खोटं बोलतीय. राग आला, पण मुलीचा येतो तसाच. किळस अजून यायची होती.

कलेक्टरांनी चौकशी समिती नेमली होती. समितीनं मालनवहिनींना त्या फोनचं मूळ रेकॉर्डिंग दिलं. वहिनी ते घेऊन माझ्याकडं आल्या. पंधरा दिवसांत बाई निम्मी झाली होती.

"मला एकटीला ऐकवंना झालंय," त्या म्हणाल्या. "तुमी संगं बसा, ताई. तुमाला त्यांचा आवाज लई कळतो."

स्वयंपाकघरातल्या त्याच टेबलाशी आम्ही बसलो. त्यांनी फोन मध्ये ठेवला आणि दिनकरराव बोलायला लागले. त्यांचा स्वतःचा जाडसर, हळदीच्या धुळीनं बसलेला आवाज.

"काय न्हाई ओ. जरा आपलं छातीत दाबल्यासारकं होतंय, डाव्या अंगाला. म्हंजे तसं काय लई न्हाई. सवडीनं आला तरी चालंल."

आणि तो उसासा.

मला पहिल्यांदा काही वाटलंच नाही. मग गवारीचा वास आला. गवारी घरात नव्हती, पण वास आला. मी मोरीकडं धावले. वहिनी मागून आल्या, माझी पाठ चोळली, पाणी दिलं. "तुमचाबी जीव होता त्यांच्यावर," त्या म्हणाल्या. त्यांच्या हातचं पाणी मी प्यायले. ती गोष्ट मला अजून गिळता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं पुण्याला गेले. ऋजुताच्या ऑफिसात काचेच्या खोलीत तिच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं, "तपासनीस एक, पिवळी चौकट, शनिवारी अकराला. ते उत्तर माझंच ना?"

तिनं 'अगं' म्हणण्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. मग हळूच म्हणाली, "आई."

बस्स. पुढं काही ऐकायची गरज नव्हती, पण ती बोलत राहिली. "यंत्राला छातीचा शब्द ऐकू येत होता, आवाजावरून मात्र ते सोंग म्हणत होतं. म्हणून तुझ्याकडं आलं. तुला शब्द कुठं ऐकू येत होता? तुझी काय चूक? मी नोंद बदललीय. तिथं आता माणूस नाही, यंत्र आहे. यंत्राला कोण फाशी देतंय? कंपनी नुकसानभरपाई देईल वहिनींना. तू समितीपुढं फक्त एवढंच सांग, की मी पत्त्यांच्या बोलण्याला खुणा केल्या होत्या. ते खरंच आहे की."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं कुणी विचारणार नाही."

माझ्यासाठी करत होती ती हे. आईला वाचवायला. दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर मी म्हटलं असतं, काय गुणाची पोर! पण मला तिची शिसारी आली. पोटच्या पोरीची. तिच्या त्या स्वच्छ काचेच्या खोलीची, कोपऱ्यातल्या कुंडीची, तिच्या मऊ आवाजाची. एकतीस वर्षं पिंजऱ्यात असलेच मऊ आवाज ऐकले होते मी. आणि सगळ्यात जास्त शिसारी कसली आली असेल, तर क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं, त्याची. नोंद बदललीय म्हणताच खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं! थू माझ्या जिनगानीवर.

"ऋजू," मी म्हटलं, "मला समितीनं बोलावलंय सोमवारी. तू येऊ नकोस."

ती आली. मागच्या बाकावर वकिलाशेजारी बसली. पुढच्या बाकावर मालनवहिनी आणि कुरुंदवाडे डॉक्टर. सुनावणी आमच्या जुन्या इमारतीतच होती. मी जिथं बसून लिहायची त्याच कोपऱ्यात एक पोरगी वही उघडून बसली होती. आता लघुलेखक परत ठेवायला लागलेत, कारण रेकॉर्डिंगमधला आवाज कुणीही बदलू शकतं. मी पहिल्यांदाच पिंजऱ्यात उभी होते आणि तिथून खोली फार लहान दिसते.

अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, सज्जन माणूस. त्यांनी काही विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं. तपासनीस एक मी. काळा चौकोन मी दाबला. नोंद माझ्या मुलीनं बदलली. मागं कुणीतरी जोरात श्वास घेतला. कुणी, ते बघायला मी मान वळवली नाही.

वकील उठायला लागला. अध्यक्षांनी त्याला हातानं बसवलं. चष्मा काढला, पुसला, आणि माझ्यावर दया करायला निघाले.

"टोणपेबाई, नीट आठवून सांगा. त्या वेळी तुम्हाला आलेला आवाज बदललेला होता?"

"हो."

"आजाराचा शब्द कापलेला होता?"

"हो."

"म्हणजे हे आपले मगदूम आहेत हे तुम्हाला कळायला काही मार्गच नव्हता. ओळख पटली असती तर तुम्ही तसं उत्तर दिलं नसतं. असंच तुमचं म्हणणं आहे ना?"

वहिनी माझ्याकडं बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत मला जे दिसलं ते असं, की त्यांना हो ऐकायचं होतं. माझ्या हो म्हणण्यावर त्यांना मला माफ करता येणार होतं. त्यासाठीच त्या आल्या होत्या. मागं ऋजूसुद्धा तेच ऐकायला थांबली होती. एक शब्द होता नुसता. पत्ता अजून पालथाच होता आणि कुणीही मला तो उलटायला सांगत नव्हतं.

माझी बोटं कठड्यावर होती. हळदीचा पिवळेपणा केव्हाच गेला होता.

"नाही साहेब," मी म्हटलं. "दहा वर्षं हा माणूस माझ्यासमोर अगदी असाच बोलायचा. 'काय न्हाई ओ' म्हणायचा आणि मी पत्ते टाकायची. माझा अंदाज एकदाही चुकला नव्हता, त्याचा मला माज होता. त्या दिवशी मी चार सेकंद घेतले, कारण माणूस अनोळखी वाटला. आवाज ओळखला असता, तर एका सेकंदात दाबलं असतं."

मालनवहिनी उठल्या. पदर सावरला आणि माझ्याकडं न बघता बाहेर गेल्या. डॉक्टर त्यांच्यामागून गेले.

कोपऱ्यातल्या पोरीची पेन्सिल थांबली होती. ती तोंड उघडं टाकून माझ्याकडं बघत होती. नवीन असावी.

"थांबू नकोस गं," मी तिला म्हटलं. "जसं बोलले तसं लिही."